छप्पन्न सालाच्या अलीकडे-पलीकडे

सीमाभागातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसासमोर रेकॉर्डर ठेवा, तो आधी घसा खाकरतो आणि एक नोव्हेंबर छप्पन्नपासून सुरुवात करतो. जन्म कुठला, आई काय काम करायची, घरात खाणारी तोंडं किती, हे विचारायच्या आत आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात पोचलेले असतो. मग महाजन आयोग येतो, मग एक जून शहाऐंशीचं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, मग सुप्रीम कोर्ट. सगळं बोलून झालं की तो तांब्याभर पाणी पितो आणि विचारतो, "एवढं पुरे काय ओ?" त्याच्याबद्दल तोवर आपल्याला काडीचंही कळलेलं नसतं.

यात त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. गेली सत्तर वर्षं आमच्या दाराशी वही-पेन घेऊन जो कुणी आला, त्याला एवढंच हवं होतं. वार्ताहर आले, पीएच.डी. करणारी पोरं आली, कार्यकर्ते आले. समोरच्याला काय पाहिजे ते माणूस चटकन ओळखतो आणि तेवढंच देतो. सीमाप्रश्नाला मी कमी लेखतोय असं कुणी समजू नये. माझ्या घरातही एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लागते. पण एखाद्याचं अख्खं आयुष्य एका खटल्यातली साक्ष म्हणून नोंदवायला घेतलं, की खटला कागदावर राहतो आणि माणूस गळून पडतो. हे मी बरीच वर्षं जवळून बघतोय, कारण माझं पोटच त्यावर आहे.

तसा धंदा डीटीपीचा. बेळगावात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. त्यातून कधीतरी शब्दांकनाची कामं यायला लागली. घरातल्या मोठ्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं की मुलं एक पुस्तिका काढायची म्हणतात. वडील बोलतात, मी रेकॉर्ड करतो, उतरवतो, नीट लावतो, छापून देतो. या पुस्तिकांचा साचा ठरलेला. आधी 'खडतर बालपण', मग 'सीमालढ्यातील सहभाग', मग 'संसाराची वेल', शेवटी 'कृतार्थ मी'. मुखपृष्ठावर फेटा घातलेला फोटो. मुलं परगावी असतात, त्यांना ई-मेलवर पाठवलं की ती दोन तीन आडनावं दुरुस्त करतात आणि 'छान झालंय' म्हणून कळवतात. छान झालेलं असतंच. एकाची पुस्तिका दुसऱ्याच्या मुखपृष्ठात घातली तर फार थोड्या लोकांच्या लक्षात येईल, एवढंच.

निपाणीच्या मावशींचं काम या वाटेनं आलं नाही. त्यांची नात बेळगावात नर्स आहे. कसलासा अर्ज टाइप करून घ्यायला आली होती. समोर पडलेली एका गुरुजींची पुस्तिका चाळली आणि म्हणाली, "आमच्या आजीचं सगळं आयुष्य बिड्या वळण्यात गेलं. तिचा काही कुणी सत्कार करणार नाही. पण लिहून ठेवाल का?" पैसे किती होतील तेही तिनं लगोलग विचारलं. मला ते बरं वाटलं. फुकट केलेल्या कामात मन लागत नाही, लोक काहीही म्हणोत.

निपाणी म्हणजे तंबाखू, हे बेळगाव-कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पुणे-बेंगळूर हमरस्त्याकडेचं हे पेठेचं गाव. आजूबाजूची काळी रानं, त्यातली तंबाखू, गावातल्या वखारी, आणि वखारींवर व बिड्यांवर हात राबवणाऱ्या हजारो बायका. १९६७ साली महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, बेळगाव नको म्हटलं होतं. अख्खा अहवालच महाराष्ट्रानं फेटाळला, आणि निपाणी होती तिथंच राहिली. सीमा तिथं एवढी जवळ आहे की गावचं म्हणून जे देवचंद कॉलेज सगळे ओळखतात, ते उभं आहे अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पोरं सकाळी महाराष्ट्रात शिकतात आणि दुपारी जेवायला कर्नाटकात येतात.

मावशींनी मला बसवलं तेव्हा नवं इरकल नेसून त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. टीव्ही बंद. फोन मी घडी घातलेल्या वाकळेवर ठेवला, कारण नुसत्या टेबलावर ठेवला की कपबशी ठेवल्याचा आवाजसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये दणका देतो. आणि मावशींनी सुरुवात केली, "एक नोव्हेंबर छप्पन्न..."

त्या वेळी त्या परकरात होत्या. किती लहान, ते नक्की सांगता येत नाही. बिडी कामगाराचं ओळखपत्र, रेशन कार्ड आणि मतदार कार्ड यांवर त्यांची तीन वेगवेगळी वयं आहेत. छप्पन्नबद्दल त्या बोलल्या ते सगळं भाषणातलं होतं. 'जनतेच्या भावना', 'घोर अन्याय', 'निर्धार'. एरवी 'व्हय' आणि 'न्हाई' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी हे शब्द छापील उच्चार सांभाळत येत होते. मी मधे थांबवलं नाही. माणूस पाठ केलेलं बोलत असेल तर ते संपू द्यावं लागतं; अर्ध्यावर तोडलं तर तो ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

वाट निघाली ती हातांमुळं. नातीनं मधेच कुठून तरी जुनं सूप काढून आणलं, "आजी, यांना दाखव तरी कशी वळतात." घरात थोडी पानं होती, शेजारच्या सुनेचं काम अजून चालू आहे. मावशी खुर्चीतून उतरून जमिनीवर बसल्या. सूप मांडीवर घेतलं. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा फर्मा, फर्म्याच्या कडेनं कातरी. मग चिमटीतला जर्दा पानावर पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांत पान वळायचं, अंगठ्याच्या नखानं तोंड आत मोडायचं, दोऱ्याचे वेढे, आणि बिडी सुपात. हे लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या चार झाल्या असत्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख एका बाजूनं झिजून तिरपं झालंय. ते त्यांना कधी मुद्दाम दाखवावंसं वाटलं नव्हतं.

आणि बोलणं सुरू झालं. खुर्चीत बसलेल्या मावशी उत्तरं देत होत्या. सूप मांडीवर आल्यावर त्या बोलायला लागल्या. नजर खाली, हात चालू, माझ्याकडं बघायची गरज नाही. आईनं पहिल्यांदा कातरी हातात दिली ती पहाट, पानाच्या पुड्यात निम्मी फाटकी पानं निघाली की हजाराचा हिशेब भरायला पदरमोड करून पानं घ्यायची ती आदळआपट, आणि सगळ्यांत जास्त छाटीबद्दल. संध्याकाळी ठेकेदार माल बघायचा आणि मूठभर बिड्या 'वाईट' म्हणून बाजूला काढायचा, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही. "वाईट हाय म्हंतोस तर माजी मला दे की! मी वढतो!" असं मावशी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. त्यांनी जन्मात बिडी ओढलेली नाही. विडी-सिगार कामगारांचा कायदा १९६६ सालचा. तो मावशींच्या गल्लीत केव्हा पोचला हे विचारलं तर म्हणाल्या, "कायदा आल्ता व्हय? मला वाटलं आमी भांडून घेतलं."

पुढच्या बैठकांना सूप आधीच तयार असायचं. कातरीचा आवाज सगळ्या रेकॉर्डिंगमधून कच् कच् येत राहतो. साफ करणारं सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे, तो आवाज काढता आला असता. काढला नाही. मूळ फाईलला तसाही मी हात लावत नाही. ती जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवायची आणि प्रतीवर काय ते काम करायचं, हा साधा नियम या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकानं पाळावा. आणखी एक सांगून ठेवतो. लाईट गेल्यावरची रेकॉर्डिंगं सगळ्यांत चांगली निघतात. पंखा नाही, फ्रिज नाही, शेजारचा मिक्सर नाही.

उतरवून काढणं हे खरं कष्टाचं. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास धरायचे, बोली असेल तर जास्तच. हल्ली फोन आपोआप लिहून देतो. मीही तसं करून बघितलं. यंत्रानं मावशींचं सगळं 'होतं' आणि 'नाही' केलं, इथवर ठीक. पण मावशी स्वतःबद्दल आमच्या भागातल्या बायकांसारखं 'मी जातो', 'मी बसल्तो' असं बोलतात. यंत्रानं काही ठिकाणी ते गाळलं, काही ठिकाणी तिथं कुणीतरी पुरुष आणून बसवला. आणि मधेच अगम्य अक्षरांच्या ओळी यायला लागल्या. कान देऊन पुन्हा ऐकलं तेव्हा उलगडा झाला. मावशी बिड्या मोजत होत्या, आणि मोजत होत्या कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. बोलणं मराठी, मोजणं कन्नड.

पुढच्या भेटीत मी विचारलं. पहिल्या ठेकेदाराकडं त्या काम करायच्या तेव्हा शेजारी एक कन्नड बोलणारी बाई बसायची. मावशी शाळेत गेल्या नव्हत्या. आकडे त्या बाईनं शिकवले. ती बाई केव्हाच वारली. मावशींना मराठीत शंभरापर्यंत येतं, पण हात चालू असताना तोंडात कन्नडच येतं.

मला हे पान फार मोलाचं वाटलं. चळवळीतल्या एका ज्येष्ठ परिचितांना मी कच्चा मजकूर वाचायला दिला होता. त्यांनी नेमक्या त्याच पानावर लाल खूण केली. "हे काढा. उद्या कुणीतरी दाखला म्हणून पुढं करेल." माणूस प्रामाणिक आहे, त्यानं लाठ्या खाल्ल्यात, त्याची भीती मला कळते. पण मावशींचे आकडे कुणाच्या बाजूचा पुरावा व्हावेत म्हणून त्या बिड्या मोजत नव्हत्या. पान राहिलं.

आता सीमा. ती मावशींच्या आयुष्यात नव्हती असं नाही. भाषणातल्या ठिकाणी नव्हती एवढंच. पोरगा कॉलेजला जायला लागला तेव्हा सायकलचं पंक्चर काढायला रोज पैसे मागायचा, त्या गोष्टीत ती आहे. कामगार कल्याणाच्या कुठल्याशा योजनेचं पत्र आलं ते कन्नडमधून. गल्लीतल्या शाळकरी पोरानं वाचलं, त्याला 'मुदत' एवढंच समजलं, आणि तोवर मुदत गेली होती. ते पत्र अजून त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ओळखपत्राच्या घडीत आहे. मावशी त्याला सीमाप्रश्न म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "माजं पैसं बुडालं." मी तो मजकूर तसाच घेतला आणि वर कसलंही शीर्षक दिलं नाही. वाचणाऱ्याला डोकं असतं.

साल-तारखांच्या क्रमानं लावायला बसलो तर मावशींचं काही जमेना. त्यांच्याजवळ सालं नाहीतच. त्यांच्याजवळ खोल्या आहेत. भाड्याच्या खोल्या. 'कौलं गळायची ती खोली', 'विहिरीजवळची', 'बळदाशेजारची', मग स्वतःचं घर. प्रत्येक गोष्ट कुठल्या खोलीत घडली हे त्यांना बिनचूक ठाऊक. थोरली पोर कुठं झाली, नवऱ्यानं दारू कुठं धरली आणि कुठं सोडली, कुठल्या खोलीत असताना ठेकेदार बदलला. मग मी प्रकरणं खोल्यांवर पाडली. छप्पन्न साल पहिल्या खोलीत गेलं, आणि तिथं त्याला जेमतेम पाऊण पान मिळालं: वडील संध्याकाळी उशिरा आले, जेवले नाहीत, आईनं भाकरी टोपलीत झाकून ठेवली, सकाळी तीच कुस्करून पोरांना दिली. भाषणातले शब्द गेल्यावर त्यांच्याकडं छप्पन्नचं एवढंच शिल्लक होतं, आणि माझ्या मते ते पुष्कळ होतं.

खोल्यांच्या हिशेबानं एक घोटाळा मात्र व्हायचा. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीत तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्त्यावर बसले होते. पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. त्या भागात अजून लोक त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. मावशी सांगतात की त्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीतल्या बायकांनी छाटीवरून काम बंद ठेवलं. नातीचा बाप म्हणतो तसं नव्हतं, ते पुढं कितीतरी नंतर, तेव्हा तो नोकरीला लागला होता. त्याच्याजवळ नेमणुकीचा कागद आहे, त्यामुळं त्याचं बरोबर असणार.

दुरुस्त करायचं का? इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. तिथं १९४९ साली नाटोविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं पुढं तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर कित्येकांनी तो मृत्यू १९५३ सालात नेऊन ठेवलेला, हजारोंनी कामगार कमी केले त्या वेळच्या संघर्षात. पोर्तेल्लीनं त्यांना चुकार ठरवून सोडून दिलं नाही. आपला माणूस एका मोर्चात सहज मेला हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं; तो आपल्या पोटाच्या लढाईत मेला असला पाहिजे, असं त्यांच्या आठवणीनं ठरवलं होतं, असा त्याचा निष्कर्ष. मी मावशींना विचारलं, दोन्ही एकाच आठवड्यात कसं आठवतं? त्या म्हणाल्या, "दोनी बारीला पेठ बंद व्हती की. शटरं खाली. असं मी कवाच बघितलं न्हवतं." शेतकऱ्याचं भांडण भावाचं, बिडीवालीचं भांडण मजुरीचं, वरवर पाहिलं तर एकाचा भाव वाढला की दुसरीच्या मालकाला ते जड जाणार. मावशींच्या डोक्यात मात्र ती एकच पेठ आहे, आणि ती बंद पडू शकते, हे त्यांनी तेव्हा पाहिलं. मी मजकुरात त्यांचा आठवडा त्यांच्याजवळ ठेवला आणि तळटीप टाकली. तळटिपेत साल, आणि मुलाचं म्हणणं.

संपादकांची एक खोड मला अजिबात आवडत नाही, ती म्हणजे प्रश्न पुसून टाकणं. मुलाखत म्हणून घेतलेलं सलग आत्मकथन म्हणून छापायचं, मधे विचारणारा कुणी नव्हताच अशा थाटात. वाचायला गोड लागतं खरं. पण समजा मी विचारलं, "तेव्हा तुम्हाला फार राग आला असेल ना?" आणि मावशी म्हणाल्या, "व्हय की." प्रश्न पुसला की छापील वाक्य होतं, 'त्या वेळी मला फार राग आला.' यात राग माझा आहे. मावशींचं फक्त 'व्हय की' आहे, तेही कदाचित मला बरं वाटावं म्हणून. अशी वाक्यं पुस्तकभर साचत गेली की एका बिडी कामगार बाईच्या तोंडून डीटीपीवाला बोलायला लागतो. म्हणून जिथं उत्तर माझ्या प्रश्नावर टेकलंय तिथं प्रश्न तिरक्या टायपात ठेवला. जिथं त्या आपणहून बोलल्या तिथं मी बाहेर. पान दिसायला ओबडधोबड दिसतं. दिसू दे.

पण सगळ्यांत अडलो सुपाच्या गोष्टीपाशी. एका संध्याकाळी ठेकेदारानं निम्म्याच्या वर माल छाटीत काढला, तेव्हा एका बाईनं भरलं सूप त्याच्या उंबऱ्यावर भिरकावलं. बिड्या गटारीत. त्यानंतरच गल्लीनं काम बंद ठेवलं. ही गोष्ट मावशींनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा सूप शेजारणीनं फेकलं होतं. दुसऱ्या वेळी "आमी फेकलं". पुढं केव्हातरी, लाईट गेलेली, नात चहा करायला आत, हात चालू, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मी फेकलं. मग रातभर रडलो. सात-आठशे बिड्या व्हत्या."

कुठलं खरं? आपल्याकडं हा पेच नवा नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडं जाऊन, विचारून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. मराठीतलं पहिलं चरित्र या असल्या विचारपुशीतून उभं राहिलं, याचा आम्हा शब्दांकनवाल्यांना थोडा माज असायला हरकत नाही. पुढं मूळ पोथी हरवली, लोकांनी आठवून पुन्हा लिहिली, आणि एकाच लीळेचे निरनिराळे पाठ झाले. महानुभावांनी ते पाठ जपले. एकच शुद्ध पाठ ठेवून बाकीचे जाळून टाकले नाहीत. मी पण तिन्ही ठेवले, सांगितले त्या क्रमानं, एकाखाली एक.

मुलाला ते पटलं नाही. त्याला तसं बरंच काही पटलं नव्हतं. तो एका पतसंस्थेत आहे, सभ्य गृहस्थ. त्याचं म्हणणं, वखारीतलं काम गाळा, दारूचं गाळा, घरात लग्नाचं बघायचंय. मी कामाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून घेतो: जे सांगणाऱ्याचं स्वतःचं आहे त्यावर शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा, जे हयात असलेल्या दुसऱ्या कुणाचं आहे ते त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही. या हिशेबानं मुलाच्या कर्जाचा उतारा गेला, तो त्याचा हक्क. वखार मावशींची, ती राहिली. दारूबद्दल मावशींनाच विचारलं. म्हणाल्या, "धरली ते लिव्हलंस तर सोडली ते बी लिव. सोडताना मानसाला लई तरास झाला."

मावशींना वाचता येत नाही, म्हणून सगळा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. हे काम मी साक्षर माणसांच्या बाबतीतही आता सोडत नाही. छापील कागद हातात दिला की लोक शुद्धलेखन तपासतात. ऐकवलं की आयुष्य तपासतात. मावशी सूप घेऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या. मधेच कातरी थांबली की मी समजायचं, काहीतरी खटकलंय. एका ठिकाणी म्हणाल्या, "हितं मी एवढं भराभरा न्हाई बोललो. मधी गप बसल्तो." खरंच. मी त्यांची मोठी विश्रांती एका स्वल्पविरामात बसवली होती. तिथं परिच्छेद तोडला. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी हात वर केला. "लई रडगाणं झालं बग. आमी काय सारखं रडतच व्हतो व्हय? आप्पाचीवाडीचं घाल." आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते, तिथं भाकणूक होते, पुढच्या वर्षी पाऊसपाणी कसं, पिकांचं कसं, राज्यकर्त्यांचं काय, ते सांगितलं जातं. मावशी आणि गल्लीतल्या बायका रात्रभर जागून ऐकायला बसायच्या. येताना बांगड्या भरायच्या, आणि नवऱ्यांना बांगड्यांचा भाव निम्माच सांगायचा, असं सगळ्यांचं ठरलेलं. हे सगळं त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, मी फोन चालू केला, आणि बळदाशेजारच्या खोलीत ते दोन पानं होऊन बसलं. पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण ते आहे, आणि ते माझ्या एकाही प्रश्नातून आलेलं नाही.

सुपाचे तिन्ही पाठ वाचले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "मावशी, यातला कुठला ठेवू? का तिन्ही?"

"'आमी' लिव," म्हणाल्या.

"पण फेकलं तुम्हीच ना?"

"फेकलं कुनी का असंना. फेकायला जमलं ते समद्या हुत्या म्हून. एकटी असतो तर घेऊन घरी आलो असतो गुमान."

आता मी अडचणीत. मला तिसरा पाठ हवा होता. कुठल्याही लिहिणाऱ्याला तोच हवा असणार. त्यात एकटी बाई आहे, फेकलेलं सूप आहे, रात्रभराचं रडणं आहे. पण आधी कबूल केलेला शब्द होता, शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा. छापील पुस्तकात 'आमी' आहे. मूळ रेकॉर्डिंग नातीकडं आहे, त्यात तिन्ही आहेत. ते कुणाला ऐकवायचं आणि केव्हा, ते मावशी आणि नात ठरवतील. इथं ही गोष्ट लिहायची परवानगी मी मावशींकडून वेगळी घेतली. "तुज्या गोष्टीत तू काय बी लिव," म्हणाल्या, "माज्या बुकात नको."

पुस्तकाच्या थोड्याच प्रती काढल्या, मोठ्या टायपात, कारण त्यांच्या बहिणीला बारीक दिसत नाही. मुखपृष्ठावर फोटो नाही. मावशींनी नको म्हटलं, फोटोत तोंडात दात नाहीत म्हणून. मुलगा प्रती घ्यायला स्वतः आला आणि पतसंस्थेतल्या लोकांना द्यायला दोन जास्तीच्या मागून घेतल्या. वखारीबद्दल काही बोलला नाही.

मी प्रती पोचवायला निपाणीला गेलो तेव्हा मावशींनी आपली प्रत उलटी सुलटी करून बघितली, वजन बघितलं, आणि शेजारच्या दाराकडं बोट केलं.

"आता तिचं घे. ती बी आमच्यातलीच. लई थापा मारती, पर सांगती झकास."

"सूप फेकलं म्हणून तुम्ही पहिल्यांदा सांगितलं होतं, त्या याच का?"

"व्हय. तिला इचार कुनी फेकलं. आनि काय म्हंती ते मला पयलं ऐकव."

म्हटलं, "तेवढं जमणार नाही मावशी. ते त्यांनी सांगितलं तरच."

"बग की," मावशी म्हणाल्या, "माजं समदं लिव्हून घेतलास, आनि आता नियम सांगतोस व्हय?"